परसबागेत नवे गादीवाफे: फळी कापण्याआधी काय काय ठरवायचं

गादीवाफा म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा उंच केलेला मातीचा वाफा. तो एकदा भरला की हलत नाही. ८ फूट लांब, ४ फूट रुंद आणि १ फूट उंच अशा एका वाफ्यात ३२ घनफूट माती मावते, म्हणजे सुमारे ९०० लिटर. ती ओली झाली की वजन टनाच्या घरात जातं. वाफा दुपारनंतर भिंतीच्या सावलीत बुडतो हे तीन महिन्यांनी लक्षात आलं, तर तो रिकामा करून पुन्हा भरण्याशिवाय इलाज नसतो. तरीही बहुतेक जण सुरुवात फळ्यांपासून करतात, कारण फळ्या दिसतात, मोजता येतात, आणि वीकेंडला काहीतरी उभं राहिल्याचं समाधान मिळतं. माझा आग्रह उलट क्रमाचा आहे. आधी ऊन, मग पाणी, मग आपल्या हाताची पोच, आणि लाकूड सगळ्यात शेवटी.

मुळात गादीवाफा लागतोच का, हेही विचारून घ्या. जमीन चिकण असेल, पाणी साचत असेल, खाली मुरूम किंवा फरशी असेल, वाकून काम जमत नसेल, तर गादीवाफा खरंच उपयोगी पडतो. त्यातली माती लवकर निथळते आणि थंडीनंतर लवकर तापते. पण जमीन खोल आणि भुसभुशीत असेल, हवा कोरडी आणि उन्हाळा कडक असेल, तर उंच वाफा उलट त्रास देतो, कारण तो चारही बाजूंनी सुकतो. अशा ठिकाणी सपाट वाफे किंवा थोडे खोलगट वाफे जास्त चांगले. चौकट नसली तरी चालते. चार-सहा इंच उंच मातीचा वाफा, बाजूला पायवाट आणि वाफ्यावर कधीही पाय न ठेवण्याची शिस्त, एवढ्यावरही अर्धा फायदा मिळतो. गादीवाफ्याचं खरं बळ चौकटीत नाही, पायाखाली न दबलेल्या मातीत आहे. दबलेल्या मातीत हवा राहत नाही, पाणी मुरत नाही आणि मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच फिरत राहतात.

ऊन मोजा, अंदाज करू नका

टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी, काकडी अशा फळभाज्यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन लागतं. गाजर, मुळा, बीट अशा कंदमुळांना ५ ते ६ तासही पुरतात. पालेभाज्या ४ तासांवर निभावून नेतात, आणि कडक उन्हाळ्यात तर दुपारची सावली त्यांना मानवतेच. घरातल्या माणसांना विचारलं तर सगळे सांगतात, ‘मागे भरपूर ऊन असतं.’ ते भरपूर ऊन बऱ्याचदा सकाळी दोन आणि दुपारी दीड तासाचं निघतं.

जागेचा साधा नकाशा काढा. एका स्वच्छ उन्हाच्या दिवशी सकाळी ८ पासून संध्याकाळी ५ पर्यंत दर तासाला बाहेर जा आणि कुठे ऊन आहे, कुठे सावली, ते नकाशावर पेन्सिलीने भरा. दोन-तीन आठवड्यांनी हे पुन्हा करा. हिवाळ्यात सूर्य खालून जातो आणि सावल्या लांबतात. विषुववृत्तापासून जितकं दूर, तितका हा फरक मोठा. सूर्य ४५ अंशांवर असताना ६ फुटी कुंपणाची सावली, ती सरळ सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडत असेल तर, ६ फूट लांब असते. तोच सूर्य ३० अंशांवर उतरला की ती १० फुटांच्या पुढे जाते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब दिसली, म्हणजे सूर्य ४५ अंशांच्या खाली आहे असं समजा.

झाडांकडे पाहताना फक्त सावली बघू नका. मोठ्या झाडाची मुळं त्याच्या घेराच्या बरीच बाहेर गेलेली असतात. वाफ्यात ओल आणि खत आहे म्हटल्यावर ती खालून वर चढतात, आणि दोन वर्षांत वाफ्याच्या तळाशी त्यांची जाळी तयार होते. भाजीची वाढ खुंटते आणि आपण खत वाढवत बसतो. त्यामुळे झाडापासून जमेल तितकं लांब राहा.

पाणी कुठून येणार, कुठे जाणार

नळ किंवा टाकी वाफ्यापासून लांब असेल तर पहिला महिना उत्साहात जातो, दुसऱ्या महिन्यात झाडं सुकू लागतात. पाइप जिथपर्यंत सहज पोचतो, तिथेच वाफा. शक्य असेल तर घराच्या दारातून किंवा स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशा जागी. रोज नजर पडणाऱ्या वाफ्यावरचा मावा वेळेत दिसतो, नजरेआडच्या वाफ्यावरचा दिसेपर्यंत शेंडे आकसलेले असतात.

निचरा तपासायला एक फूट खोल आणि एक फूट रुंद खड्डा घ्या. पाण्याने भरा आणि पूर्ण मुरू द्या. मग पुन्हा भरा आणि दर तासाला पाणी किती उतरलं ते पट्टीने मोजा. तासाला १ ते ३ इंच उतरत असेल तर उत्तम. त्याहून सावकाश उतरत असेल तर वाफा जास्त उंच ठेवावा लागेल. पाणी दुसऱ्या दिवशीही तसंच उभं असेल, तर ती जागा सोडलेली बरी.

माप आपल्या हाताचं

वाफ्याची रुंदी हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा. बहुतेक प्रौढांचा हात आरामात दोन फुटांपर्यंत पोचतो, म्हणून दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तर ४ फूट रुंदी ही कमाल. भिंतीला किंवा कुंपणाला लागून वाफा असेल तर २ ते अडीच फूट. माझा पहिला वाफा ५ फूट रुंद होता. कागदावर एक फूट जास्त म्हणजे जास्त भाजी असं वाटलं होतं. प्रत्यक्षात मधल्या पट्ट्यातलं तण काढायला दर वेळी एक पाय आत ठेवावा लागे, आणि हंगाम संपताना नेमक्या त्या पट्ट्यातली माती विटेसारखी झाली होती. तेव्हापासून मी माप ठरवण्याआधी जमिनीवर सुतळी लावते, बाहेर उकिडवी बसते आणि मध्यापर्यंत खुरपं चालवून बघते. घरातलं लहान मूल किंवा वयस्कर माणूस बागेत काम करणार असेल तर त्यांच्या हाताचं माप घ्या.

लांबी ८ फुटांपर्यंत ठेवा. त्याहून लांब वाफा असला की वळसा टाळण्यासाठी माणूस तो ओलांडायला बघतो. दोन वाफ्यांमध्ये किमान १८ ते २४ इंच वाट हवी, आणि ढकलगाडी न्यायची असेल तर ३ फूट. वाटेसाठी जागा ‘वाया’ घालवायला जीवावर येतं, हे मला ठाऊक आहे. पण भरात आलेली वांगी दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा फूट वाटेत झुकतात, आणि दीड फुटाची वाट तेव्हा सहा इंच उरते.

खाली माती असेल तर १० ते १२ इंच उंची पुरे होते, कारण मुळं खालच्या जमिनीतही उतरतात. खाली फरशी किंवा काँक्रीट असेल तर १८ इंच घ्या आणि पाणी बाहेर जायला तळाशी फटी ठेवा. खुर्चीत किंवा व्हीलचेअरवर बसून काम करायचं असेल तर २४ ते ३० इंच उंची लागते, आणि मग रुंदी कमी करावी लागते, कारण बसून हात तितका पुढे जात नाही.

पहिल्या वर्षी एक किंवा दोनच वाफे बांधा. नकाशावर सहा वाफ्यांची जागा आखून ठेवायला हरकत नाही.

चौकट

लाकूड, दगड, विटा, पत्रा, काहीही चालतं. लाकडाची फळी दीड-दोन इंच जाडीची घ्या. पातळ फळी ओल्या मातीच्या दाबाने फुगते. ६ फुटांपेक्षा लांब बाजूला मध्ये एक खुंटी ठोकाच.

काय वापरू नये, हे जास्त महत्त्वाचं. रेल्वेचे जुने स्लीपर क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरवलेले असतात. फार जुन्या रंगवलेल्या फळ्यांच्या रंगात शिसं असू शकतं. जुन्या हिरवट झाक असलेल्या प्रक्रिया केलेल्या लाकडात आर्सेनिक असण्याची शक्यता असते. अमेरिकेत घरगुती वापरासाठी अशा लाकडाचं उत्पादन २००३ अखेर थांबलं, पण तोडफोडीतून निघालेलं जुनं लाकूड अजूनही फिरत असतं. मालवाहू पॅलेट वापरणार असाल तर त्यावरचा शिक्का वाचा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया, ते चालतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी, ते नको. शिक्काच नसेल तर तेही नको.

चौकट जुळवताना गुण्या नसला तरी दोन्ही कर्ण मोजून बघा. सारखे आले म्हणजे काटकोन बरोबर. पाणसळ मात्र हवीच. वाफा एका बाजूला उतरता असेल तर पाणी तिकडेच पळतं आणि वरचं टोक कायम कोरडं राहतं. उतारावर वाफ्याची लांबी उताराला आडवी ठेवा आणि वरच्या बाजूची जमीन खणून चौकट सपाट बसवा.

तळ आणि माती

इथे घाई करू नका, कारण पुढची पाच वर्षं या मातीवर जाणार आहेत.

आधी खालचं गवत अगदी बुडाशी कापा. चिवट, मुळांनी पसरणारं तण असेल तर ते खणून काढा, बाकीचं राहू द्या. मग खालची जमीन काट्याने हलवून सैल करा, म्हणजे वरची माती आणि खालची जमीन यांच्यात कडक थर उरत नाही. हे काम जमीन वाफशावर असताना करा. मूठभर माती घट्ट दाबून अंगठ्याने ढकलली की ती फुटली पाहिजे. गोळा तसाच राहिला तर जमीन अजून ओली आहे, थांबा. त्यावर साधा, चिकटपट्टी काढलेला पुठ्ठा एकावर एक चढवून पसरा आणि भिजवा. तो काही महिन्यांत कुजतो, तोवर खालचं गवत उजेडाअभावी मरतं. उंदीर-घुशींचा उपद्रव असेल तर पुठ्ठ्याखाली अर्ध्या इंचाच्या भोकांची, जस्त चढवलेली लोखंडी जाळी घाला. प्लास्टिक अंथरू नका, त्याने निचराच बंद होतो.

तळाशी खडीचा थर घालण्याची सूचना बरेच जण करतात. त्याने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी भरड खडीत सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भरेपर्यंत ते सीमेवरच अडकून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. तळाशी ओंडके आणि फांद्या भरण्याची पद्धतही आहे. उंच वाफ्यात त्याने माती वाचते, हे खरं. पण लाकूड कुजताना वाफा खचतो आणि लाकडाच्या आसपासच्या मातीतलं नत्र जिवाणू ओढून घेतात. तसं करायचंच असेल तर अर्धवट कुजलेलं लाकूड घ्या आणि त्यावर किमान फूटभर माती राहू द्या.

मिश्रणात साधारण दोन भाग चांगली पोयटा माती आणि एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा शेणखत. ३२ घनफुटांच्या वाफ्याला म्हणजे सुमारे ६०० लिटर माती आणि ३०० लिटर खत. आपलं घमेलं किती लिटरचं ते एकदा पाणी ओतून मोजा. १५ लिटरचं असेल तर एकूण ६० घमेली होतात. माती बसते, म्हणून दहाएक घमेली जास्तीची धरा. माती चिकण आहे की वाळूची, हे पाहायला एका उभ्या बरणीत तिसरा भाग माती आणि बाकी पाणी घालून जोरात हलवा. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळ काही तासांत, चिकणमातीला दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. तिन्ही थर दिसले आणि चिकणमातीचा थर बारीक असला, तर माती कामाची.

नुसत्या कंपोस्टने वाफा भरू नका. पहिल्या वर्षी झाडं जोमात येतात, म्हणून तो मोह मला समजतो. पण कंपोस्ट कुजत राहतं, वाफा झपाट्याने खचतो, कोरडं पडलं की पाणी शोषत नाही, आणि स्फुरद व क्षार गरजेपेक्षा जास्त साठतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वापरत असाल तर ते धुतलेलं असू द्या.

ताजं शेण थेट घालू नका. ते मुळं जाळतं आणि त्यात रोगजंतू असतात. अमेरिकेच्या सेंद्रिय शेतीच्या नियमांत ताजं शेण आणि काढणी यांत मातीला टेकणाऱ्या भाज्यांसाठी १२० दिवसांचं आणि इतर भाज्यांसाठी ९० दिवसांचं अंतर सांगितलं आहे. घरच्या बागेलाही हे अंतर पाळण्यासारखं आहे. बाहेरून आणलेल्या खताचा आणखी एक धोका आहे. काही तणनाशकं चाऱ्यातून जनावराच्या पोटात जाऊन शेणातही टिकून राहतात. ओळखायची युक्ती सोपी आहे: तीन कुंड्यांत ते खत मिसळलेली माती आणि तीन कुंड्यांत नुसती माती घ्या, सगळीकडे घेवडा पेरा. तीन आठवड्यांत खताच्या कुंड्यांतली पानं वाकडी, वाटीसारखी वळली, तर ते खत वाफ्यात घालू नका. तीन आठवडे थांबणं जड जातं, पण बिघडलेला वाफा रिकामा करणं त्याहून कितीतरी जड आहे.

वाफा भरताना थराथराने पाणी शिंपडा, पायाने दाबू नका. शक्य असेल तर भरल्यावर दोन आठवडे तसाच राहू द्या. तेवढ्यात माती बसते आणि उगवलेलं तण वरच्यावर काढता येतं.

काय, किती, कुठे

बियाणं आणण्याआधी घरात खरंच जे खाल्लं जातं, त्याची यादी करा. मग कागदावर वाफ्याचे एक-एक फुटाचे चौकोन आखा. ८ बाय ४ च्या वाफ्यात ३२ चौकोन येतात. एका चौकोनात मुळा किंवा गाजर ३ इंच अंतराने १६, कांदा किंवा पालक ४ इंचांनी ९, लेट्यूस ६ इंचांनी ४, मिरची एक. टोमॅटोला आणि वांग्याला दोन-दोन फूट हवेत. कोबीच्या दोन गड्ड्यांत दीड फूट. रोप बोटाएवढं असताना ही अंतरं हास्यास्पद वाटतात आणि हात मध्ये आणखी एक रोप खोचायला जातो. त्या हाताला आवरा. दाटीत हवा खेळत नाही आणि पानांवर बुरशी येते.

उंच झाडं आणि मांडव सूर्याच्या विरुद्ध बाजूला लावा: उत्तर गोलार्धात उत्तरेकडे, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडे. विषुववृत्ताच्या जवळ सूर्य हंगामाप्रमाणे बाजू बदलतो, तिथे तुमचा सावलीचा नकाशाच खरा. मांडवाच्या काठ्या लावणीच्या दिवशीच रोवा, नंतर रोवल्या तर मुळं तुटतात.

एका वाफ्याचा आराखडा असा करता येईल. मागच्या एक फुटाच्या पट्टीत काठीवर चढवलेले ४ टोमॅटो. मधल्या दोन फुटांत एका ओळीत २ वांगी आणि ३ मिरच्या. पुढच्या फुटात गाजर, कोथिंबीर, कांदा. वांगी-मिरची लहान असतात तोवर त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत मुळा आणि पालक पेरा. मुळा २५ ते ३० दिवसांत आणि पालक ४०-४५ दिवसांत निघतो, तोवर वांगी पसरायला लागतात. मुळा सगळा एकदम पेरू नका. दर दहा दिवसांनी एक चौकोन पेरला तर ताटात रोज थोडा येतो.

टोमॅटो, वांगी आणि मिरची एकाच वाफ्यात ठेवली, त्याचं कारण फेरपालट. ही तिन्ही, आणि बटाटाही, एकाच कुळातली. त्यांचे रोग आणि किडी बऱ्याच अंशी सारख्या. कूळ एकत्र असलं की पुढच्या हंगामात अख्खा वाफा बदलणं सोपं जातं: टोमॅटोच्या जागी घेवडा-चवळीसारख्या शेंगा, शेंगांच्या जागी कोबी-फ्लॉवर, कोबीच्या जागी काकडी-भोपळ्याचे वेल. त्याच जागी तेच कूळ तीन वर्षांनी यावं असा प्रयत्न करा. दोनच वाफे असतील तर हे पूर्ण जमणार नाही. तरी निदान लागोपाठ दोन हंगाम तेच कूळ नको.

गाजर, मुळा, बीट जागेवरच पेरा, रोप हलवलं की मूळ फाटतं. गाजराला उगवायला दोन-तीन आठवडेही लागतात आणि तेवढे दिवस वरची माती ओली राहावी लागते. त्यावर ओलं गोणपाट टाकून ठेवा आणि पहिला कोंब दिसताच उचला. टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी यांची रोपं करून लावा. रोपं घरात वाढवली असतील तर ७ ते १० दिवस रोज थोडा जास्त वेळ बाहेर ठेवून कणखर करा. लावणी संध्याकाळी. टोमॅटोचं रोप खालची पानं काढून खोल लावा, त्याच्या खोडालाही मुळं फुटतात. दंव पडणाऱ्या भागात शेवटचं दंव टळल्याशिवाय टोमॅटो, भेंडी, वेल यांना बाहेर काढू नका.

पाणी आणि आच्छादन

आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पाणी हा सुरुवातीचा आकडा. ८ बाय ४ फुटांच्या वाफ्याला ते सुमारे ७५ लिटर होतं. कडक उन्हाळ्यात दुप्पटही लागेल, पावसात शून्य. आकड्यापेक्षा बोट खरं: दोन इंच खोल बोट घाला, तिथे ओल असेल तर पाणी नको. बी उगवेपर्यंत थोडं थोडं आणि वारंवार, रोप रुजल्यावर आठवड्यातून दोन-तीनदा पण खोलवर. रोज वरवर झारी फिरवली तर मुळंही वरच राहतात. वेळ सकाळची, पानं दिवसभरात सुकतात. ठिबकच्या नळ्या घालणार असाल तर एक-एक फुटावर टाका आणि आच्छादनाच्या खाली.

पालापाचोळा, वाळलेलं गवत किंवा पेंढा यांचा दोन-तीन इंचांचा थर रोपं वितभर झाल्यावर पसरा, बुंध्यापासून दोन इंच लांब ठेवून. बी न धरलेलंच गवत घ्या.

हंगाम संपल्यावर

जुनी झाडं उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आत कुजली की मातीत पोकळ्या राहतात. रोगट झाडं आणि सूत्रकृमींच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी असलेली मुळं मात्र पूर्ण काढून बागेबाहेर टाका, कंपोस्टात नाही. पहिल्या वर्षी वाफा दोन-तीन इंच खचलेला असेल. कमी झालेली उंची माती-खताच्या मिश्रणाने भरून काढा. पुढच्या वर्षांपासून वर इंचभर कंपोस्ट पुरतं, खणायची गरज नसते. वाफा रिकामा राहणार असेल तर उघडा टाकू नका, आच्छादनाने झाका.

नकाशाचा कागद जपून ठेवा. काय कुठे होतं, कधी पेरलं, कधी निघालं, कुठे सावली आली, कुठलं टोक सुकलं, ते त्यावरच तारखेसह लिहा. दुसरा वाफा कुठे बांधायचा हे ठरवायला बसाल, तेव्हा तो कागद आणि सुतळी घेऊन आधी त्या जागेवर उकिडवे बसा.